परमवीर रामा राघोबा राणे

वारीची वाट चालताना आपण पायांखाली फारसे पाहत नाही. नजर पुढच्या पताकेवर असते, कान मृदंगाकडे असतात. पण ती वाट आपल्या आधी कोणीतरी साफ केलेली असते. पावसाने खचलेला भाग भरलेला असतो, आडवे पडलेले झाड बाजूला ओढलेले असते. दिंडी गजर करीत निघून जाते, आणि ज्याने हे केले तो फावडे खांद्यावर टाकून घरी जातो. त्याचे नाव विचारायचे राहूनच जाते.

वारकरी बंधुभगिनींनो, अशाच एका वाट करणाऱ्याचे चरित्र आज आपणांपुढे ठेवायचे आहे. आपण रोडपालीचे लोक तर रस्त्याच्या काठचेच. शेजारी कळंबोली, आणि तिथून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो. जरा पुढे पळस्प्याच्या फाट्यावरून गोव्याचा रस्ता फुटतो. तोच रस्ता धरून महाड, चिपळूण, कुडाळ करीत खाली उतरत गेले, गोवा ओलांडला, की कारवार लागते. कारवारच्या दक्षिणेला चेंडिया नावाचे गाव आहे. ते मेजर रामा राघोबा राणे यांचे गाव. परमवीर चक्र जिवंतपणी मिळवणारे ते पहिले वीर.

कोणी म्हणेल, टाळकऱ्यांच्या मासिकात तलवारीच्या माणसाचे काय काम? शंका रास्त आहे. पण राणे यांना ज्या कामासाठी हा मान मिळाला ते काम नीट पाहिले म्हणजे शंका उरत नाही. त्या चार दिवसांत त्यांच्या हातांनी जमिनीत पेरलेले मरण वेचून काढले, तुटलेल्या मोऱ्यांना बगल देणाऱ्या वाटा केल्या आणि आडवी पडलेली झाडे दूर केली. आता ही कथा पहिल्यापासून ऐकावी.

रामाचा जन्म २६ जून १९१८ चा. वडील राघोबा राणे पोलीस खात्यात शिपाई होते. कारवारचा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. शिपायाची नोकरी म्हणजे आज या ठाण्यावर तर उद्या त्या. बिऱ्हाड पाठीवर, आणि पोरांच्या शाळाही तशाच गावोगाव बदलत. एका जागी मुळे धरावीत असे बालपण रामाला मिळाले नाही. पण अशा पोराला नव्या माणसांत मिसळायची आणि मिळेल त्यात भागवायची सवय लागते. ती पुढे उपयोगी पडली.

१९३० साल उजाडले. देशभर कायदेभंगाची चळवळ पेटली. कारवारशेजारी अंकोल्याला मिठाचा सत्याग्रह गाजला. रामा तेव्हा बारा वर्षांचा होता, पण वारे त्याच्याही अंगात शिरले. आता घरची अडचण पाहा. बाप सरकारचा पोलीस, आणि मुलगा सरकारविरुद्धच्या चळवळीकडे ओढलेला! बापाचे काळीज चरकले. त्याने सगळे कुटुंब उचलले आणि चेंडियाला गावी आणून ठेवले. रामाचा तो उत्साह तिथे वरवर थंडावला. पण स्वतःपेक्षा मोठे असे काहीतरी काम करावे ही आच आत राहिली ती राहिलीच.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. जुलै १९४० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, राणे सैन्यात भरती झाले. ज्या सरकारविरुद्ध लहानपणी मन पेटले त्याच सरकारच्या सैन्यात! त्या पिढीतल्या किती तरी घरांत असे झाले आहे. पोट होते, तारुण्य होते, आणि जग पाहण्याची उमेद होती. त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचे कारण नाही.

त्यांची भरती झाली ती बॉम्बे सॅपर्स या पलटणीत. हिचे ठाणे पुण्याजवळ खडकीला आहे. सॅपर म्हणजे सैन्यातला इंजिनियर. नदीवर पूल बांधायचा, डोंगरात रस्ता काढायचा, शत्रूने पेरलेले सुरुंग काढायचे, आणि वेळ आली तर आपलेच पूल उडवून शत्रूची वाट तोडायची, ही त्याची कामे. सैन्य पुढे जाताना सॅपर सर्वांच्या पुढे असतो आणि माघार घेताना सर्वांच्या मागे. या इंजिनियर दलाचे ब्रीद एकाच शब्दाचे आहे : सर्वत्र. देव सर्वत्र आहे असे आपण म्हणतो. हे लोक म्हणतात, जिथे सैन्य अडते तिथे सर्वत्र आम्ही असलेच पाहिजे.

खडकीच्या शिक्षणात राणे यांनी नाव काढले. आपल्या तुकडीतला सर्वांत चांगला रंगरूट म्हणून त्यांना कमांडंटची छडी बक्षीस मिळाली. चेंडियाच्या पोलीस शिपायाच्या मुलाला हा मान मोठा होता. लवकरच ते नाईक झाले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले.

ब्रह्मदेशातल्या आराकान भागात तेव्हा जपानी सैन्याशी लढाई चालू होती. पाऊस, दलदल, हिवताप आणि दाट रान. १९४३ साली आपल्या बाजूला तिथून माघार घ्यावी लागली. बुथिडाँग येथे दारूगोळ्याचा मोठा साठा होता. तो शत्रूच्या हाती पडू नये म्हणून राणे यांना थोड्या लोकांनिशी मागे ठेवले. साठा उडवून द्यायचा, मग आरमाराचे जहाज येऊन त्यांना घेऊन जाईल, असे ठरले होते. साठा उडवला, पण ठरलेली सोय झाली नाही. जपानी पहाऱ्यातली नदी, हाताखालची माणसे, आणि वरून हुकूम देणारा कोणी नाही. राणे यांनी स्वतःच्या अकलेने माणसे नदीपार काढली आणि आपल्या सैन्याला येऊन मिळाले. माणसे सुखरूप परत आणली, हे त्या दिवशीचे मोठे काम. याबद्दल त्यांना हवालदाराची बढती मिळाली, पुढे ते जमादार झाले. १५ डिसेंबर १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर चारच महिन्यांनी, ते सेकंड लेफ्टनंट झाले. साध्या सैनिकापासून चढत चढत आलेला हा अधिकारी. फावडे धरणाऱ्याचा हात कसा दुखतो हे त्याला ऐकीव माहीत नव्हते.

त्याच सुमाराला काश्मीरवर संकट कोसळले. पाकिस्तानच्या बाजूने टोळीवाल्यांचे हल्ले झाले. जम्मूकडच्या डोंगरातले राजौरी शहर नोव्हेंबर १९४७ मध्ये हल्लेखोरांच्या हाती पडले आणि तिथे फार मोठा नरसंहार झाला. पुढचे महिने आपले सैन्य दक्षिणेला नौशेऱ्याला झुंजत होते. मार्च १९४८ मध्ये झंगड परत घेतले, आणि एप्रिलमध्ये राजौरीकडे निघायचे ठरले. राजौरीत जी माणसे अजून जिवंत होती त्यांच्यासाठी एकेक तास मोलाचा होता.

नौशेरा ते राजौरी हा जुना रस्ता. मोगलांच्या वेळी याच वाटेने काश्मीरला जात. वाटेत चिंगस येथे त्या काळची सराई आहे, जिथे थकलेला वाटसरू रात्री पाठ टेकत असे. पण १९४८ साली त्या रस्त्याची दशा काय होती? डोंगराच्या कडेने सापासारखी वळणे घेत जाणारी अरुंद वाट. जागोजागी चीडाची मोठाली झाडे तोडून आडवी टाकलेली. मोऱ्या उडवलेल्या, कडा ढासळवलेल्या, मातीखाली सुरुंग. आणि वरच्या टेकड्यांवर मशीनगन घेऊन शत्रू बसलेला. रणगाडे नेले तर राजौरी मिळेल, पण रणगाडे जाणार कसे? ही वाट मोकळी करण्याचे काम राणे आणि त्यांच्या लहानशा तुकडीकडे आले.

८ एप्रिल १९४८. डोग्रा पलटणीने पुढच्या बरवाली धारेवर चाल केली. राणे आपल्या माणसांसह रणगाड्यांपाशी थांबले होते. काम सुरू व्हायचेच होते, इतक्यात अकराच्या सुमाराला शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. तुकडीतले दोन जण जागीच ठार झाले. पाच जण जखमी झाले, आणि त्या पाचांत राणे स्वतः एक होते. कामाला हात लावण्यापूर्वीच ही गत! अशा वेळी जखम दाखवून मागे गेले असते तर कोणी नाव ठेवले नसते. राणे यांनी उरलेली माणसे पुन्हा लावून घेतली आणि कामाला लागले. दिवसभर गोळ्यांच्या वर्षावात ते रणगाड्यांच्या जवळच होते. दुपारी साडेचारला धार हाती आली. आजूबाजूला शत्रू अजून आहे हे ठाऊक असूनही ते माणसे घेऊन पुढे झाले आणि रणगाड्यांसाठी बगलेची वाट काढू लागले. रात्री दहा वाजेपर्यंत काम चालले.

सुरुंग काढणे म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. लोखंडी डब्यात दारू भरलेली असते आणि वरून वजन पडले की ती उडते. मातीने झाकल्यावर ती जागा शेजारच्या जमिनीसारखीच दिसते. सैनिक पालथा पडून, संगिनीचे किंवा सळईचे टोक तिरपे धरून, वितीवितीने जमीन चाचपतो. टोकाला काही टणक लागले की हाताने माती बाजूला सारायची, डबा मोकळा करायचा आणि त्याचे उडण्याचे साधन निकामी करायचे. या कामात घाई चालत नाही आणि रागही चालत नाही. हात कापला की संपले. एवढे सगळे, डोक्यावरून गोळ्या जात असताना!

सॅपर लोकांत त्यांची एक आठवण सांगतात. गोळ्यांपासून आडोसा मिळावा म्हणून राणे रणगाड्याच्या खालून सरपटत चालले आणि चालकाला इशारा देण्यासाठी दोन दोर लावले. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. वर कित्येक मणांचे लोखंड, खाली सुरुंगांची जमीन, आणि मधे हा माणूस. चालकाची चूक झाली तर चिरडणार, आपली झाली तर उडणार. दोघांचा एकमेकांवर केवढा विश्वास असेल, विचार करावा.

९ एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा काम सुरू. दुपारी तीनला बगलेची वाट तयार झाली आणि रणगाडे निघाले. राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसले. अर्धा मैल गेले नाहीत तो चीडाची झाडे आडवी. खाली उतरले, दारू लावून झाडे उडवली, पुन्हा गाडीत. तीनशे वार पुढे पुन्हा तेच. पाचाच्या सुमाराला एक उडवलेली मोरी आली. काम सुरू होण्यापूर्वीच वरून मशीनगन चालू झाली. तरी बाजूने वाट काढली आणि रांग पुढे सरकली. सव्वासहाला उजेड सरत आला, तो समोर पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग, आणि त्यावर मशीनगनचा मारा. राणे तिथेही सुरुंग काढू लागले होते, पण रणगाड्यांच्या प्रमुखाने परिस्थिती ओळखून रात्रीपुरता मुक्काम करविला.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला, आपल्याकडे काकड आरतीची वेळ असते तेव्हा, राणे पुन्हा त्या पाच झाडांपाशी हजर. साडेसहाला तो अडसर दूर झाला. पुढचे हजार वार तर सगळे अडथळ्यांनी आणि ढासळलेल्या कडांनी भरलेले होते. अंगावर दोन दिवसांची जखम, वरून गोळ्या. साडेदहापर्यंत तेही मोकळे झाले.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती नीट ध्यानात घ्यावी, कारण माझ्या मते या चरित्राचे मर्म तिथेच आहे. पुढे गेल्यावर रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले. त्यांना दुसरी वाट मिळाली. दुपारी दोनला ते चिंगसला पोचलेसुद्धा. ज्यांच्यासाठी राणे यांना नेमले होते ते रणगाडे निघून गेले होते. आता जखमी माणसाने जरा बसावे, दोन घास खावेत, यात काय वावगे होते? पण राणे थांबले नाहीत. रणगाड्यांना नदीचे पात्र चालेल, मागून येणाऱ्या गाड्यांना चालणार नाही. त्या गाड्यांत अन्न, औषधे, दारूगोळा. त्याच वाटेने जखमींना मागे न्यायचे. म्हणून त्यांनी रस्त्याचे काम सोडले नाही. अन्न नाही, विसावा नाही, रात्री नऊपर्यंत ते राबले. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, सकाळी सहाला पुन्हा लागले आणि अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला. त्या रात्रीही दहापर्यंत पुढचा रस्ता साफ करणे चालूच होते. १२ एप्रिलला आपले सैन्य राजौरीत शिरले.

पुढे जाणाऱ्यासाठी वाट करणारे बरेच असतात, कारण पुढे जाणाऱ्याचा जयजयकार होतो आणि त्याचा थोडा वाटा आपल्यालाही मिळतो. मागून येणाऱ्यासाठी मागे राहणारा विरळा. दिंडीत थकलेल्या म्हातारीची वळकटी उचलून शेवटी चालणारा एखादा असतो ना, त्या जातीचा हा माणूस.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची स्थापना झाली, आणि त्या वर्षी जूनमध्ये राणे यांचे नाव सरकारी राजपत्रात आले. या पदकाची कथाही आपल्या लोकांना आवडावी अशी आहे. त्याची आकृती काढली सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या युरोपातल्या, पण विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून या देशाच्या झाल्या. इतक्या झाल्या, की महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले! पदकावर त्यांनी इंद्राचे वज्र घातले. वज्र कशाचे झाले हे कीर्तनात आपण ऐकलेच आहे. दधीची ऋषींनी लोकांच्या भल्यासाठी आपली हाडे दिली, त्यांचे. ब्राँझचे ते लहानसे पदक आणि जांभळी फीत. १९४७–४८ च्या युद्धातले पाच वीर त्याचे मानकरी. त्यांतले तिघे रणातच गेले होते. राणे आणि करमसिंग हे दोघे जिवंत राहिले.

जिवंत राहणे ही अशा माणसाची दुसरी परीक्षा असते. गेलेल्याची कीर्ती झळकत राहते, तिला डाग लागण्याची भीती नसते. राहिलेल्याला मात्र रोज सकाळी उठून साध्या माणसाचे आयुष्य काढायचे असते, आणि तेही लोकांच्या डोळ्यांसमोर. राणे यांनी ते शेहेचाळीस वर्षे काढले. लग्नालाही त्यांना उशीर झाला. फेब्रुवारी १९५५ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, त्यांचे लग्न कारवारकडच्याच एका मुलीशी झाले. तीन मुलगे आणि एक मुलगी झाली. पोलीस शिपायाचा पोर म्हणून ज्याने बापाबरोबर बदल्या भोगल्या, तो आता स्वतः बाप होऊन सैनिकाचा संसार करू लागला. १९६८ साली ते मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पाच वेळा त्यांचे नाव युद्धवृत्तात गौरवाने नोंदले गेले होते. सैन्याने त्यांना पुन्हा कामावर घेतले, आणि १९७१ पर्यंत ते सेवेत राहिले.

११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या लष्करी रुग्णालयात त्यांचा अंत झाला. वय शहात्तर. आषाढाचा शुद्ध पक्ष चालू होता, पालख्या पुणे मागे टाकून पंढरीच्या वाटेला लागल्या होत्या. लाखो पाय रस्त्यावर होते, त्याच दिवसांत रस्ता करणारा हा माणूस आपली वाट संपवून निघून गेला.

लोकांनी त्यांना विसरू नये म्हणून काही झाले आहे. भारतीय नौवहन महामंडळाने परमवीरांची नावे आपल्या पंधरा तेलवाहू जहाजांना दिली, त्यांत राणे यांचे नाव होते. कारवारच्या समुद्रकाठी २००६ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावे मिळाली, त्यांतले एक राणे यांचे. हे योग्यच झाले. पण पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. त्या ८ एप्रिलला अकरा वाजता जे दोन सॅपर पडले त्यांना ना पुतळा, ना बेट. राणे यांच्या पदकात त्या दोघांचाही वाटा आहे, हे आपण तरी म्हणू या. वाट करणाऱ्यांचे हे असेच असते. एकाचे नाव पुढे येते, बाकीचे मातीत मिसळून रस्ता होतात.

तेव्हा मायबाप वाचकहो, पुढच्या खेपेला रोडपालीहून निघून हमरस्त्याला लागाल तेव्हा घटकाभर पायांखाली पाहा. आणि आपल्याला राणे यांच्यासारखे सुरुंग काढायचे नाहीत, पण वाटेतला एक दगड तरी बाजूला करता येतो. आपण तर ओलांडून पुढे आलो, आता कशाला वाका, असे मनात येईल. नेमके तेव्हाच वाकावे. मागून कोणी तरी अनवाणी येत आहे.

रामकृष्णहरि.